भाविकाच्या हळदीचं जातं

बुधवार, ५ मार्च

ही डायरी भाविकाने दिली. बियाण्याच्या दुकानदाराने फुकट वाटलेली आहे, दर पानाखाली कपाशीचं बोंड छापलंय. म्हणाली, "आजी, तू दिवसभर बोलतेस ना, त्यातलं थोडं यात बोल. आम्हाला पण जरा सुट्टी." गुणाची आहे माझी नात. मी चौथी शिकलेली. पाचवीचं पुस्तक बापाने आणलं होतं, पण त्याच वर्षी माझं लग्न ठरलं आणि पुस्तक धाकट्या भावाला गेलं. त्याने पानं फाडून पतंग केले. जाऊ दे.

तर आनंदाची गोष्ट अशी की भाविकाचं लग्न ठरलं! मुलगा नीलेश, यावलचा. घरी केळीचे बाग आणि हा जळगावला पाइपाच्या कारखान्यात नोकरीला. बोलतो हळू, जेवतो भरपूर. मला आवडला. लग्न वीस एप्रिलला आणि हळद एकोणीसला, आपल्याच दारात.

हळद म्हटल्यावर मला एकदम आपलं जातं आठवलं. आमच्या साक्रीकडे त्याला घरोट म्हणतात. माझ्या सासूच्या सासूचं आहे ते. या घरातल्या प्रत्येक मुलीची हळद त्याच्यावर दळली गेली, शेवटची माझ्या लेकीची, लताबाईची. मग गावात चक्की आली आणि जात्याला कोणी विचारेना. वरची तळी, म्हणजे वरचा दगड, नळापाशी टाकली, वीस वर्षं तिच्यावर कपडे आपटले. खालची गोठ्यात उलटी पडलेली, म्हैस तिच्यावर पाय देऊन उभी राहते. खुंटा कधीच जळणात गेला.

मी आबांना म्हटलं (आबा म्हणजे आमचे हे, भाईदास आबा), की भाविकाची हळद त्याच जात्यावर दळायची. आबा म्हणाले, "झुंबर, बजारमा हयदनी पुडी भेटस." मी म्हटलं, पुडीवर काय चार पिढ्यांचा हात फिरला आहे?

ठरलं. जातं चालू करायचं. मला तर आताच उठून नाचावंसं वाटतंय, पण गुडघे.

शुक्रवार, ७ मार्च

भाविका धुळ्याला गेली. बी.एड.ची परीक्षा आहे, आता एकदम लग्नाच्या तीन दिवस आधी येईल.

आज रत्नाने दोन्ही तळ्या नळाखाली आणून घासल्या. रत्ना म्हणजे माझी सून, भाविकाची आई. एकटीनेच लोटत लोटत आणल्या. मी खाटेवरून सांगत होते, डावीकडे घे, पोतं टाक खाली, फोडशील. साबणाचा नि शेणाचा थर निघाला तेव्हा खालून काळा दगड दिसला, असा चकचकीत, माझ्या सासूच्या तोंडासारखा.

घासून झाल्यावर रत्ना पदराला हात पुसत माझ्याजवळ आली. म्हणाली, "आत्याबाई, माले एक मागनं शे."

रत्ना कधी काही मागत नाही. कुणी काही मागितलं की मला बरं वाटतं, कारण मग द्यायचं की नाही ते आपल्या हातात असतं.

"माग," म्हटलं.

"भाविकानी हयदनी पहिली मूठ मी टाकसू. एकच मूठ. मंग मी मांगे बठसू."

आता इथे लिहून ठेवते, नाहीतर म्हणाल म्हातारी दुष्ट आहे. आमच्यात लग्नाची हळद दळायला पाच सवाष्णी लागतात. जात्याला कुंकू लावायचं, खुंट्याला हळकुंड नि सुपारी बांधायची आणि पहिली मूठ घरातल्या मोठ्या सवाष्णीने टाकायची. ती मोठी सवाष्ण म्हणजे मी. आबा चांगले टणटणीत आहेत. रत्नाचं कपाळ मोकळं आहे. माझा लेक प्रेमराज गेला त्याला या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नऊ वर्षं होतील. सणाला ही माहेरी पिंपळनेरला गेली होती, राहा म्हटलं तर राहिली नाही. तिला आणायला तो मोटारसायकलवर निघाला आणि पोचला नाही. मी कुणाला दोष देत नाही. पण ती राहिली असती तर तो निघाला नसता, एवढं तर चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं.

मी तिला म्हटलं, "पहिले घरोट तं चालू कर. मंग दखू."

तिचं तोंड कसं उजळलं! मला पण बरं वाटलं. कुणाला खूश करायला किती थोडं लागतं.

मंगळवार, ११ मार्च

बन्सीलाल आला होता. जात्याला टाकी लावणारा आता पंचक्रोशीत हा एकटाच उरला. त्याची मुलं सुरतेला मिलमध्ये गेली, त्यांना छिन्नी कशी धरायची तेही माहीत नाही. याचा एक डोळा दगडाची कपची उडून गेलेला आहे. मी विचारलं, "बन्सी, एका डोळ्यानं दिसस का रे?" तर म्हणे, "अक्का, दगड हातले दिखस." असा गप्पिष्ट माणूस मला आवडतो.

दिवसभर निंबाखाली टाक टाक टाक. दळून दळून दगड गुळगुळीत होतो ना, मग दाणा फुटत नाही, नुसता गोल फिरतो. म्हणून छिन्नीने त्याला पुन्हा बारीक बारीक खड्डे पाडायचे. रत्ना दगड धरून बसली होती, तो म्हणेल तसा फिरवायची, पाणी मारायची. संध्याकाळी तिचे केस धुळीने पांढरे झाले. मी म्हटलं, "दखा, मन्ही सून मना वयनी व्हई गयी!" शेजारची बेबाबाई इतकी हसली की तिला ठसका लागला.

मधला खिळा बन्सीने नवीन बसवला. खुंट्यासाठी रत्नाने बाभळीचं लाकूड आणून कोयत्याने स्वतः तासलं. हाताला कुसळ लागू नये म्हणून काचेने घासलं. तिच्यात हे आहे, काम सांगितलं की जीव टाकते.

बन्सीने जाताना सांगितलं की लगेच खायचं दळू नका. जुनीपानी ज्वारी घ्या, खडेमीठ टाका, दळा आणि फेकून द्या. दगडाची कच निघून गेली पाहिजे. पीठ दाताखाली घेऊन पाहायचं, कचकच थांबली की जातं तयार. मग रत्नाकडे पाहून म्हणतो, "माय शे ना तू नवरीनी? मंग पहिली मूठ तुनीच."

कुणी विचारलं होतं का याला? दगडाचं काम दगडापाशी ठेवावं. त्याला चहा द्यायला सांगणार होते, ते राहून गेलं.

रविवार, १६ मार्च

चालू झालं! जातं चालू झालं! घरघर ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पन्नास वर्षं मागे गेले मी.

मला माझी सासू आठवली. मी तेरा-चौदाची असेन. पहाटे उठवायची, दोन पायल्या ज्वारी समोर ठेवायची. एकदा दळता दळता मला डुलकी लागली तर तिने खुंट्यावरच्या माझ्या हातावर वरवंटा मारला. हे बोट तेव्हापासून वाकडं आहे. याच बोटाने लिहितेय, तरी बघा अक्षर कसं मोत्यासारखं. सासू मेली तेव्हा सगळ्यात जास्त मीच रडले. तेव्हा बायका अशाच घडायच्या.

रत्नाला सवय नाही. वरची तळी जड आहे, अर्ध्या तासात हाताला फोड आले. मी म्हटलं, फोड फुटले की कातडी घट्ट होते, मग त्रास नाही. माझं बोलणं तिने ऐकून घेतलं आणि फडकं गुंडाळून पुन्हा बसली. पहिलं पीठ काळपट निघालं, ते उकिरड्यावर टाकलं.

गुरुवार, २० मार्च

रोज संध्याकाळी रत्ना चिमूटभर पीठ हातावर घेऊन माझ्यापुढे धरते. "आत्याबाई, कचकच गयी का?"

मी चघळते, डोळे मिटते, वेळ लावते. मग म्हणते, "नही गयी. अजून दळ."

आज आबा खाटेवरून ओरडले, "तुले काय कळस ओ? तुना तोंडमा बठ्ठा परका दात शेतस!"

माझी कवळी आहे हे खरं. कवळीखाली कच आहे की नाही ते कळत नाही, सगळं सारखंच लागतं. परवा बेबाबाईला चाखायला दिलं होतं, तिचे दात अजून खणखणीत आहेत. ती म्हणाली, बारीक पीठ आहे, कच कुठे आहे? मी तिला गप्प बसवलं. रत्ना दळत बसली की घर कसं भरल्यासारखं वाटतं, ते बंद कशाला करायचं? आणि लग्नाला अजून महिना आहे.

तिचे तळवे पाहिले आज. हळद-तेल लाव म्हटलं. मी काही राक्षस नाही.

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारली, कडुनिंब खाल्ला, कवळीत अडकला.

दुपारी सुनंदाबाईंचा फोन आला. सुनंदाबाई म्हणजे नीलेशची आई, आमच्या विहीणबाई. यावलकडच्या लोकांचं बोलणं वेगळं, पण बाई मोकळी आहे. मी त्यांना जात्याचं सगळं सांगितलं, बन्सीचा डोळासुद्धा. त्या म्हणाल्या, वा, मग पहिली मूठ भाविकाची आईच टाकणार असेल ना?

मी म्हटलं, "बाई, तुम्हाला माहितीच आहे तिचं. तुमच्याकडच्या लोकांना चालायचं नाही, म्हणून आम्ही..."

तर त्या म्हणतात, "अहो अक्का, आमच्याकडे असलं काही नाही. आईपेक्षा मोठी सवाष्ण कोण? माझ्या नावाने सांगा तिला. मीच सांगितलंय म्हणा, पहिली मूठ तिचीच."

फोन ठेवला. रत्ना भांडी घासत होती. विचारलं तिने, "कोना फोन व्हता?"

"लताबाईना," म्हटलं.

आता खोटं का बोलले ते माझं मलाच नीट सांगता येत नाही. मी घरातली मोठी. मी सांगणार आणि यावलची बाई फोनवरून माझ्या घरातली मूठ वाटणार? उद्या म्हणेल, गुढी कुठल्या बाजूला उभारायची ते पण मी सांगते. शिवाय लताबाई जळगावहून खास येणार, तिला मी सांगून ठेवलंय की माझ्यानंतर दुसरी मूठ तुझी. आता एक मूठ मागे घ्यायची म्हणजे सगळी ओळ बदलते.

श्रीखंड चांगलं झालं होतं.

मंगळवार, ८ एप्रिल

आज मन जरा हललं, ते लिहिते.

दुपारी डोळा लागला होता. जाग आली ती जात्याच्या आवाजाने आणि त्यातून रत्नाचा आवाज. गाणं नव्हतं, शब्दही नव्हते, नुसतं गुणगुणणं. मी दारातून पाहिलं. हाताला चिंध्या बांधलेल्या, अंग मागेपुढे होतंय, डोळे मिटलेले. मध्येच घास घालताना तिने हळूच म्हटलं, "दखा, तुमनी पोर चालनी."

प्रेमराजशी बोलत होती. माझ्या प्रेमराजशी.

मला वाटलं, आत जावं, तिच्यासमोर खुंट्याला हात लावावा, दोघींनी मिळून दळावं आणि सांगावं की टाक बाई पहिली मूठ. मी उंबऱ्यात एक पाय टाकलासुद्धा.

मग ती हसली. एकटीच, डोळे मिटून, जसं समोरून कुणी उत्तर दिलंय. नऊ वर्षांत तो माझ्या स्वप्नात एकदाही आला नाही. मी त्याची आई. मी रोज फोटोला हार घालते, फुलं मी निवडते. आणि हिच्याशी तो जात्यावर बसून बोलतो?

मी मागे फिरले. संध्याकाळी तिने पीठ आणलं तेव्हा मी नीट चाखलं नाहीच. म्हटलं, "कचकच शे."

शुक्रवार, ११ एप्रिल

आज सगळं मिटवून टाकलं, इतकं छान की माझं मलाच कौतुक वाटतंय. भांडण नाही, रडारड नाही.

सकाळी भाविकाचा फोन आला. परीक्षा संपायला आली, आवाजात आनंद. म्हणाली, "आजी, नीलेशची आई मला म्हणाल्या, पहिली मूठ तुझी आईच टाकणार. खरं ना गं? मला आईला विचारायला भीती वाटते, ती रडेल. तूच सांग."

बघा, विहीणबाईंनी तिथेही पोचवलं होतं. मग मला सुचलं.

मी म्हटलं, "बेटा, मी तर तिच्या हातापाया पडले. तीच नको म्हणते. म्हणते, मला नाही त्यात पडायचं. तू तिला काही विचारू नकोस, तिला त्रास होतो."

मग म्हणाली, "एका मुठीचाच तर प्रश्न होता."

"असतो एकेकीचा स्वभाव," मी म्हटलं.

मग रत्नाला बोलावून बसवलं. गोड बोलले, पाठीवर हात फिरवला. तिला सांगितलं, "माले काहीच अडचन नही व रत्ना. पन भाविकालेच नको वाटस. सासरना लोके, मैत्रिनी, फोटो. ती म्हने, मी आईले कशी सांगू, तूच सांग. तू तिले काही ईचारू नको. लगीनना टाइमले पोरना जीवले लागी."

रत्नाने हाताच्या चिंध्या सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. मग विचारलं, "भाविका आशी म्हननी?"

"व्हय."

"बरं. तिना मनमा नही तं नको."

उठली आणि दळायला गेली. मी मागून ओरडले, आता पुरे, कचकच गेली! तरी दळतच राहिली, ज्वारी संपली तरी रिकामं जातं फिरवत होती. दगडाला दगड लागून टाकी बोथट होते. मला उठून जाऊन खुंटा धरावा लागला.

शनिवार, १९ एप्रिल

हळद झाली! काय सांगू, काय थाट! मांडव दारात, जातं मधोमध. त्याला कुंकवाचे पाच पट्टे, खुंट्याला नवीन लुगड्याचा काठ बांधलेला. आमच्या गल्लीतल्या पोरींनी जातं कधी पाहिलंच नव्हतं, सगळ्या मोबाइल घेऊन माझ्याभोवती. एक म्हणते, आजी, इकडे बघा, अजून एकदा मूठ टाका. मी तीनदा टाकली.

पहिली मूठ माझी, दुसरी लताबाईची, मग बेबाबाई आणि माझ्या दोघी भावजया. काय फिरत होतं ते जातं! लोण्यासारखं. हळद अशी बारीक आणि पिवळीजर्द निघाली की लताबाई म्हणाली, "माय, हाई कसं जमाडं तू?" मी म्हटलं, दीड महिना राबले मी याच्यामागे. आणि खोटं नाही ते. रोज खाटेवरून लक्ष ठेवणं हे काही कमी काम नाही.

भाविका येऊन तीन दिवस झाले, पण माझ्याजवळच झोपते आणि मायलेकींनी मुठीचा विषय काढला नाही, मी दोघींना बजावलं होतं ना. आज ती पाटावर बसली होती, हिरवं पातळ, गालाला हळद. तिची मान सारखी मागच्या दाराकडे वळत होती. फोटोवाला दोनदा म्हणाला, ताई, कॅमेऱ्यात बघा.

रत्ना मागे बट्ट्या भाजत होती. दोनशे माणसांच्या बट्ट्या, आचारी एकटा पुरत नाही. एकदा तिने दार थोडं ढकलून पाहिलं. हातात पळा, तोंड धुराने लाल. माझी नि तिची नजरानजर झाली आणि तिने दार ओढून घेतलं. मला वाटलं, चला, समजूतदार आहे.

हळद लावून झाल्यावर भाविका उठून मागे निघाली होती. मी हात धरला. म्हटलं, अंगावर हळद असताना उंबरा ओलांडायचा नाही. असा काही नियम नाही, पण तेव्हा सुचला.

सोमवार, २१ एप्रिल

काल लग्न लागलं. थोडक्यात लिहिते, पाय सुजलेत.

सुनंदाबाई रत्नाला शोधत होत्या. मी म्हटलं ती आचाऱ्याजवळ आहे, तिला गर्दी सोसत नाही. त्या म्हणाल्या, एवढं सांगूनही मूठ टाकली नाही म्हणे तिने? मी म्हटलं, काय करणार, हट्टी आहे. त्यांनी मान हलवली. मग हळदीचा रंग पाहून म्हणाल्या, अक्का, जातं कुणी चालू केलं? मी म्हटलं, मीच.

पाठवणीच्या वेळी भाविका माझ्या गळ्यात पडून इतकी रडली की माझी कवळी निसटली. आबांच्या गळ्यात पडली, आत्याच्या गळ्यात पडली. आईच्या पाया पडली आणि लगेच उठली. रत्नाचे हात पुढे आलेले होते. ते तसेच राहिले. गाडी गेल्यावरसुद्धा ती तशीच उभी होती, हात पुढे, आणि तळहातावरचे घट्टे सगळ्यांना दिसत होते. मीच म्हटलं, "हात खाले कर व, लोके दखी राहिनात."

रविवार, २७ एप्रिल

आता जातं चालू आहेच तर चक्कीला दळण पाठवायचं बंद केलं. रत्ना घरीच दळते. तिलाही बरं, पोर गेली, घर खायला उठतं, हाताला काम हवं.

बुधवारी आखाजी. लग्नानंतरची पहिली आखाजी, मुलगी माहेरी येतेच. अंगणातल्या निंबाला झोका बांधायला रत्नाने नवीन दोर आणून ठेवला होता. पण आज भाविकाचा फोन. ती रोज मलाच फोन करते आता, आधी आईला करायची. म्हणाली, "आजी, मी आखाजीला जळगावला लताआत्याकडे जाते. तू तिकडेच ये ना."

मी विचारलं, इथे का नाही?

"तिला एक मूठ टाकवली नाही माझ्यासाठी. मी तिथे येऊन काय करू?"

मी समजावलं थोडं. फार नाही. जळगावला जायला मला आवडतं, लताबाईकडे कूलर आहे.

रत्ना जात्यापाशी बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "कवय यी राहिनी ती?"

"नही यी राहिनी. सासरना लोके धाडत नहीत," म्हटलं. खरं सांगून तिचा जीव कशाला दुखवायचा?

गुरुवार, १ मे, जळगाव

आबा तिकडेच राहिले. काल त्यांनी प्रेमराजच्या नावाने घागर भरली आणि मी आज सकाळच्या गाडीने निघाले. रत्नाला सांगावं लागलं की सासरच्यांनी भाविकाला जळगावपर्यंतच धाडलं, कारण डबा तिच्याच हातचा होता. तिने तीन दिवस गहू भिजवून, सुकवून जात्यावर रवा काढला. म्हणे चक्कीचा रवा नको, सांजोरी फुटते. काल दिवसभर सांजोऱ्या तळल्या. मोजून एकवीस.

गाडीत बसेपर्यंत ती माझ्या मागे होती. "आत्याबाई, मी बी ऊ का? दारमाच उभी राहसू."

मी म्हटलं, "आबाले भाकर कोन टाकी?"

ते तिला पटलं. खिडकीतून डबा दिला, दोन्ही हातांनी. म्हणाली, "तिले सांगज्यात, मायनी दळेल शे."

जळगावात ऊन काय, बापरे! पण लताबाईचं घर थंडगार. भाविका दारातच उभी होती, नवीन साडी, हातभर बांगड्या. मला पाहून धावत आली. जेवण झाल्यावर मी डबा उघडला. सगळी खोली वेलदोड्याच्या वासाने भरून गेली.

भाविकाने एक सांजोरी उचलली, खाल्ली. दुसरी उचलली. मग थांबली. "आजी, या कुणी केल्या?"

लताबाई माझ्याकडे बघत होती. सगळे किती आनंदात होते.

"मी," म्हटलं.

"आईच्या अगदी अशाच असतात."

"तिला शिकवल्या कुणी? मीच ना."

तिने हातातल्या अर्ध्या सांजोरीकडे पाहिलं. मग विचारलं, "आईने माझ्यासाठी काहीच नाही पाठवलं?"

"नाही गं. कामात आहे ती."

भाविकाने ती अर्धी सांजोरी ताटात ठेवून दिली. आता अन्न असं टाकतात का? मी उचलली, माझ्या हाताने तिच्या तोंडात घातली. म्हटलं, "खा बेटा, आजीच्या हातची आहे."

खाल्ली पोरीने. चावता चावता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतकी आवडली तिला.